पेनावर नाव कुणाचं?

जिनिंगमध्ये रुईची गाठ बांधून झाली की तिच्यावर खुणा मारतात. गाठ 170 किलोची. तिच्यावर प्रेसची खूण, लॉट नंबर, गाठीचा नंबर, वजन. ही पद्धत जुनी आहे. 1925 साली इंग्रज सरकारनं जिनिंग-प्रेसिंगचा कायदा केला आणि प्रत्येक गाठीवर कारखान्याची ठरवून दिलेली खूण आणि क्रमांक मारलाच पाहिजे असं त्यात घातलं. कारण उघड आहे. गाठीत पाणी मारलं, कचरा भरला, तर ती कोणत्या प्रेसची हे सापडलं पाहिजे. व्यापाराचं सगळं डोकं त्या खुणेत आहे.

मी सीझनला या गाठी लोटतो. दिवाळीनंतर कापूस यायला लागतो तो पार शिमग्यापर्यंत. नाकात रुई, कानात रुई, भाकरीतही रुई. माझ्या हातून किती गाठी गेल्या याचा हिशेब मी ठेवला नाही. ठेवला असता तरी कुणाला दाखवणार? गाठीवर मजुराची खूण नसते. मी कविताही लिहितो आणि कवितेखाली नाव टाकतो. माझी कविता फार तर दोनशे लोक वाचतील. गाठीचा कपडा किती जणांच्या अंगाला लागतो ते मोजताही येणार नाही. पण माझं नाव कवितेखाली आहे, गाठीवर नाही. हे असं का, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधीचा होता. मामाच्या पेनांचा विषय निघाला आणि या प्रश्नाला तोंड फुटलं.

दोस्तहो, विषय छोटा आहे. लाकडाच्या पेनावर करणाऱ्यानं आपली खूण करावी का, कशी करावी आणि कुठं करावी. एवढंच. पण या एवढ्याशा विषयावर आमच्या सेनगावात बैठक दोनदा मोडली. म्हणून सविस्तर लिहितो.

मामा खरादावर पेन करतो. आधी पलंगाचे पाय, लाटणी, रव्या, पाळण्याचे दांडे करायचा. प्लास्टिक आलं, लोखंडी पलंग आले, धंदा बसला. मग कुणीतरी त्याला पेनाचं सामान दाखवलं. पितळी नळ्या, टोपणाची कडी, मधलं कडं, रिफिल फिरवायचा मळसूत्री भाग, हे सगळं पाकिटात तयार मिळतं. लाकूड तेवढं आपलं. बोटभर लांबीचे दोन चौकोनी तुकडे घ्यायचे, त्यांच्या पोटातून 7 मिलिमीटरचं भोक पाडायचं, त्यात नळी चिकटवायची, सळईवर चढवायचं आणि खरादावर गोल करायचं. मग काचपेपर, मग लाखेचं पॉलिश. ऐकायला सोपं आहे. भोक पाडताना लाकूड तडकलं की गेलं. शेवटच्या कागदभर जाडीला पटाशी अडकली की गेलं. मामाचे दहातले नऊ साधतात. मी करून बघितले तेव्हा दहातला एक साधला. पण माझा धंदाच तो नाही.

लाकूड तो विकत घेत नाही. मोडक्या औताची बाभूळ, बैलगाडीच्या चाकाचे आरे, चिंचेच्या गाठी, आणि पाडलेल्या वाड्यांचं सागवान. एका वाड्याची तुळई त्यानं भंगारवाल्याकडून उचलली. त्या वाड्याच्या ओसरीवर आमच्या आज्याला कधी चढू दिलं नव्हतं. त्या तुळईचे शेसव्वाशे पेन झाले. मामाला मी म्हणालो, यावर एक कविता होती. मामा म्हणाला, "कविता तू कर, मला तुळई कापू दे. खिळे लई हायेत त्यात."

हे पेन मोठ्या शहरातला एक दुकानदार घेतो. त्याचं म्हणणं असं की पेनावर कुणाचं नाव नको. आडनाव तर नकोच. दुकानात तो आपल्या दुकानाचं चिकटपत्र लावतो. मामानं सुरुवातीला एका खेपेला बारीक अक्षरात आपलं नाव टाकलं होतं. त्या खेपेचा माल दुकानदारानं निम्म्या भावात घेतला. वर म्हणाला, गिऱ्हाईक विचारतं.

काय विचारतं, ते मामानं मला नीट सांगितलं. "आरं, नाव टाकलं की गाव इचारतेत. गाव सांगितलं की आडनाव इचारतेत. आडनाव कळलं की समदं कळतं. मग पेन चांगला हाय का नाय ते कोण बघतंय?"

बाबूराव बागुलांचा कथासंग्रह 1963 साली आला. त्याचं नावच 'जेव्हा मी जात चोरली होती'. साठ वर्षं उलटून गेली. माणसानं जात चोरायची गोष्ट झाली. आता पेनानंही चोरायची? लाकडाला बाभूळ म्हणा, सागवान म्हणा, चिंच म्हणा, तिथं कुणाला अडचण नाही. ते गोल करणाऱ्या हाताचं नाव मात्र चालत नाही.

औंदा 14 एप्रिलला आमच्या मंडळानं ठरवलं की वस्तीतल्या शाळेत जाणाऱ्या प्रत्येक पोराला आणि पोरीला एक वही आणि एक पेन द्यायचा. गेली काही वर्षं 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर हार-फुलांऐवजी वही आणि पेन आणा असं आवाहन होत असतं. ते आम्हाला पटलं. पेन विकत कशाला आणायचे, आपलाच माणूस करतो, त्याच्याकडूनच घेऊ, हेही पटलं. मामा मजुरीवर तयार झाला. मग बैठकीत विषय निघाला, पेनावर काय लिहायचं?

एक म्हणाला, मंडळाचं नाव. दुसरा म्हणाला, ज्यानं वर्गणी जास्त दिली त्याचं नाव, म्हणजे पुढच्या वर्षी तो परत देईल. तिसऱ्यानं एका पुढाऱ्याचं नाव घेतलं आणि त्याच्या फोटोचं चिकटपत्र करून आणायची तयारी दाखवली. चौथा म्हणाला, नुसतं 'जय भीम' लिहा. मी म्हणालो, ज्यानं पेन केला त्याचं नाव लिहा. सगळे माझ्याकडं बघायला लागले. कुणीतरी हसलं. "त्याला मजुरी देतोय ना आपण?"

मित्रांनो, हेच वाक्य मला मिलमध्ये ऐकायला मिळतं. मजुरी दिली, आता नाव कशाचं? हे वाक्य मालकाच्या तोंडी असतं तेव्हा आपण मुठी आवळतो. आपल्या बैठकीत ते किती सहज निघालं.

नावाची किंमत आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. आपण मराठवाड्यातले. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव 27 जुलै 1978 ला विधिमंडळात झाला आणि गावंच्या गावं पेटली. नाव लागलं 14 जानेवारी 1994 ला. मध्ये 16 वर्षं गेली. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंसारखी माणसं गेली. विटा त्याच होत्या, वर्ग तेच होते, नुसती पाटी बदलायची होती. नावात काय आहे असं विचारणाऱ्याला मराठवाड्यात आणावं आणि हे सांगावं.

पण खूण म्हटली की ती नेहमी चांगलीच असते असंही नाही. आधी बघावं लागतं, खूण कुणी केली. जनावराला डाग देतात ती मालकाची खूण असते, जनावराची नव्हे. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू होता, मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा होता, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिभेद निर्मूलना'च्या भाषणात नोंदवलं आहे. ती पण खूणच होती. दुसऱ्यानं आपल्या अंगावर केलेली.

आणखी एक जुनी पद्धत सांगतो. पूर्वी गावच्या कागदावर, महजरावर, लिहिता न येणाऱ्यानं सही म्हणून निशाणी काढायची. पाटील-कुणब्याची निशाणी नांगर. बाकी बलुतेदारांची आपापल्या हत्याराची. बैठकीत आमच्यातला एक शिकलेला पोरगा म्हणाला, मामानं पेनावर पटाशीचं चित्र काढावं, छान दिसेल, अडाण्यालाही कळेल. मला ते पहिल्यांदा पटलं होतं. रात्री विचार केला तेव्हा लक्षात आलं, नांगर काढला की कोणता कुणबी ते कळत नाही. कुणबी एवढंच कळतं. हत्याराची निशाणी माणसाची नव्हे, ती जातीची. कागदावर दहा माणसं बसली होती, त्यांचे चेहरे पुसून फक्त धंदे उरले. कामाची वाटणी वेगळी आणि काम करणाऱ्यांची वाटणी वेगळी, हे बाबासाहेबांचं म्हणणं मला पुस्तकात कळलं नव्हतं. ते त्या पटाशीच्या चित्रात कळलं.

मग नुसतं नाव कसं लिहायचं? आडनाव नको, हत्यार नको, तर राहतं काय?

याचं उत्तर मला लेण्यांत सापडलं. मी काही विद्वान नाही. सातवीनंतर शाळा सुटली. जे वाचलं ते वाचनालयातून आणि जुन्या बाजारातून. पण हे वाचून मी उठून उभा राहिलो. कार्ल्याच्या मोठ्या चैत्यलेण्यात दारापाशी एक लेख आहे. हे दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुतारानं केलं, तो वेणुवासाचा मुलगा. बघा, त्यात काय काय आहे. नाव आहे, बापाचं नाव आहे, गाव आहे, धंदा आहे आणि 'केलं' हे क्रियापद आहे. त्याच लेण्यात गांधी म्हणजे सुगंधी द्रव्य विकणाऱ्याचं नाव आहे, यवनांची नावं आहेत. सगळ्यांची नावं एकाच दगडात, एकाच लिपीत. सुताराचं नाव पायरीखाली घातलेलं नाही.

दुसरं उदाहरण आपल्या मराठवाड्यातलंच. कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथं एक दगडी यक्ष सापडला. बुटका, ढेरपोट्या, दात काढून हसणारा. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरलं आहे की हा कण्हदास सोनारानं केला. दोन हजार वर्षांपूर्वी या माणसानं आपलं नाव टाकायला जागा कोणती निवडली? हात. कर्जतजवळच्या कोंढाण्याच्या लेण्यात कण्हाचा शिष्य बलक यानं केलं असा लेख आहे. शिष्यानं स्वतःच्या नावाआधी गुरूचं नाव घेतलं. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे की हे कोरीव काम आम्ही केलं. ते सगळे मिळून. नावं नाहीत, पण 'आम्ही' आहे.

या लेखांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो. कतं. म्हणजे केलं. राजानं जिंकलं, शेठनं दिलं, हे लेख तर पुष्कळच आहेत. पण 'केलं' म्हणणारा कारागीर बुद्धाच्या लेण्यात उभा आहे. आपल्या धम्माच्या भिंतीवर मजुराची सही आहे हे मला कुणी शाळेत सांगितलं नव्हतं.

पुढं हे बंद का झालं याचा इतिहास मोठ्या माणसांनी लिहावा. मी आमच्या भागातलं एक सांगतो. इथून जवळच नर्सी आहे, नामदेवांची. नामदेव शिंपी. त्यांनी किती कपडे शिवले आणि कुणाचे शिवले हे कुणालाच माहीत नाही. कपड्याला नाव नव्हतं. अभंगाला होतं. शेवटच्या ओळीत 'नामा म्हणे'. ही खूण कुणाला पुसता आली नाही, कारण ती पुसली तर अभंगच मोडतो. चोखोबांचं तर आणखीच. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना ती भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. नामदेव तिथं गेले, हाडं गोळा केली आणि पंढरपूरला आणली, अशी परंपरा सांगते. ज्या भिंतीनं जीव घेतला तिच्यावर चोखोबांचं नाव नव्हतं. 'चोखा म्हणे' मात्र सातशे वर्षं टिकलं. वामनदादा कर्डकांनीही गाण्याच्या शेवटी आपलं नाव गुंफायची ही रीत सोडली नाही. खूण वरून चिकटवलेली असली की निघते. वस्तूच्या अंगात मुरलेली असली की राहते. पेनाच्या बाबतीत पण हेच खरं आहे. म्हणून आता हाताच्या कामाकडं येतो.

मामानं आणि मी महिनाभर नाना प्रकार करून बघितले. ज्यांना हा धंदा करायचा असेल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

सगळ्यात सोपा वाटतो तो तापवलेला ठसा. लोहाराकडून अक्षरं करून घ्यायची, लाल करायची आणि दाबायची. पण ठसा सपाट आणि पेन गोल. मधलं अक्षर खोल जातं, कडेची दोन उमटतच नाहीत. ठसा आतून पेनाच्या गोलाईएवढा खोलगट करावा लागतो, नाहीतर पेन त्याच्यावरून लोळवावा लागतो. सागवानाला आणखी एक खोड आहे. त्याचा एक पट्टा मऊ, एक कडक. मऊ पट्ट्यात डाग पसरतो, कडक पट्ट्यात लागत नाही. चिंच आणि बाभूळ त्यापेक्षा बरी.

दुसरं, पितळी कड्यावर अक्षरांचे पंच मारणं. हे पक्कं. पण कडं पोकळ असतं, तसंच ठोकलं तर चेपतं आणि पुढं बसत नाही. आधी त्यात नेमक्या मापाची लोखंडी सळई घालायची, मग ठोकायचं. आणि देवनागरीचे इतके बारीक पंच आमच्याकडं मिळाले नाहीत.

तिसरं, शाईनं लिहिणं. कोऱ्या लाकडावर लिहिलं की शाई रेषेरेषेनं पसरते, अक्षराला मिशा फुटतात. पॉलिशवर लिहिलं की बोटानं पुसतं. म्हणून आधी पॉलिशचा एक हात द्यायचा, बारीक काचपेपर फिरवायचा, मग न विरघळणाऱ्या शाईनं लिहायचं, पुरतं वाळू द्यायचं आणि वरून दुसरा हात. इथं एक मेख आहे. चपड्याचं पॉलिश स्पिरिटमध्ये असतं आणि मार्करची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. फडकं फिरवलं की नाव गायब. पहिला हात फवाऱ्यानं द्यावा लागतो.

चौथं, सुईनं कोरणं. कंपासच्या टोकानं पॉलिशवरून ओरखडायचं, त्यात निळा रंग भरायचा, वरचा पुसून टाकायचा, मग पुन्हा पॉलिश. मामाला हे सगळ्यात पटलं. पण देवनागरीची पंचाईत वेगळीच. पेनाच्या लांबीत लिहिलं की शिरोरेषा लाकडाच्या रेषेबरोबर धावते. सुई हातातून सुटते आणि रेघ टोपणापर्यंत जाते. मग मामानं शिरोरेषाच सोडून दिली. अक्षरं सुटी सुटी, रेघेविना. वाचता येतात. सायक्लोस्टाईलच्या काळात मेणकागदावर रेघ जोरानं ओढली की स्टेन्सिल फाटायची, असं जुने कार्यकर्ते सांगतात. म्हणजे अक्षराच्या डोक्यावरच्या रेघेनं आपल्या लोकांना आधीपासूनच छळलंय.

पाचवं, लेझर. शहरात होतं, सुबक होतं. पण एकदम पुष्कळ पेन न्यावे लागतात आणि अक्षर कॉम्प्युटरचं येतं. मामा म्हणाला, "हे तर दुकानाच्या पाटीवाणी दिसतंय. माझं अक्षर असं कुठं हाय?"

जागेचं पण सांगतो. निबाकडच्या बाजूला बोटं घासतात, घाम लागतो, तिथलं नाव दोन-चार वर्षांत जातं. टोपणाच्या कडीखाली लिहिलं तर दिसत नाही. मधल्या कड्याच्या वर, कडीच्या उलट्या बाजूला, ही जागा चांगली. खिशात असताना झाकलेली आणि हातात घेऊन फिरवला की समोर. अक्षर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा मोठं करायचं नाही. नाव ओरडायला नको, असायला पाहिजे.

मामानं आणखी एक जागा शोधून काढली होती, ती मला बोलता बोलता कळली. लाकूड चिकटवण्याआधी पितळी नळीवर तो सुईनं आपलं नाव कोरतो. मग लाकूड वर बसतं. ते नाव कुणाला दिसत नाही. दुकानदाराला नाही, गिऱ्हाइकाला नाही. पेन फुटला तरच दिसणार. मी विचारलं, "मामा, मग कशाला कोरता? कुणाला दिसायलंय?" मामा म्हणाला, "मला म्हाईत हाय ना." मी पुढं काही बोललो नाही. शहरातल्या किती साहेबांच्या खिशात मामाचं नाव लाकडाखाली बसलंय कुणास ठाऊक.

पण ही लपलेली सही पोरांच्या पेनावर चालणार नाही असं मी म्हणालो. दुकानदारापासून लपवलं ते पोटासाठी. आपल्याच वस्तीतल्या पोरांपासून कशासाठी लपवायचं? मामा तयार झाला. आडनाव नको, पहिलं नाव, गाव आणि 'केलं'. सामी सुतारासारखं. शिवाय त्यानं सांगितलं, नावाच्या आधी तीन बारीक रेघा पाहिजेत. मामाला खराद एका म्हाताऱ्या मुसलमान खरादीनं शिकवला. तो चाचा कधी नाव टाकत नसे. पलंगाच्या पायाच्या तळाशी तीन रेघा उठवायचा. चाचा गेला, त्याच्या पोरांनी धंदा सोडला, त्या तीन रेघा मामाकडं राहिल्या. मी त्याला कोंढाण्याच्या बलकाचं सांगितलं, गुरूचं नाव आधी घेणाऱ्या. मामा म्हणाला, "मग बरोबरच हाय की."

इथं हा लेख संपला असता. पण मामी भाकरी थापता थापता सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "भाच्या, काचपेपर कोण मारतं?" मी म्हणालो, "तुम्ही." "लाख कोण लावतं?" "तुम्ही." मग तिनं पिठाचा हात पुढं केला. मनगटाच्या वर हिरवं गोंदण. "ह्यांचं नाव माझ्या हातावर हाय. लग्नात गोंदलंय. ह्यांच्या पेनावर माझं कुठंय?"

मामा गप्प. मी गप्प. खराद फिरवणारा तो केला म्हणतो, आणि पेन हातात धरल्यावर जे गुळगुळीत लागतं ते सगळं मामीचं काम. सोयराबाईंचे अभंग आपण मोठ्या अभिमानानं म्हणतो. त्यांची नाममुद्रा कोणती? 'चोखियाची महारी'. म्हणजे सही करायला मिळाली तीही नवऱ्याच्या नावातून आणि जातीच्या नावातून. कार्ल्याच्या, कुड्याच्या लेण्यांत दान देणाऱ्या बायकांची, भिक्खुणींची नावं आहेत. मग आमच्या सेनगावच्या पेनावर का नसावं? मी मालकाला विचारतो माझं नाव कुठंय, आणि मामी मला विचारते तिचं कुठंय. माझा प्रश्न खरा असेल तर तिचाही खरा आहे. त्यातून सुटका नाही.

जागा दोन-तीन मिलिमीटरची. दोन नावं, गाव आणि 'केलं' बसत नव्हतं. तिघांनी बसून जुळवलं. तीन रेघा. दोघांच्या नावाचं पहिलं एकेक अक्षर, सारख्या उंचीचं. मग सेनगाव. मग केलं. मामीनं स्वतःचं अक्षर स्वतः कोरायचं ठरवलं. तिला लिहिता येत नव्हतं, पण ते एक अक्षर ती शिकली. पहिले काही वाकडे आले. मामा म्हणाला, ऱ्हाऊ दे वाकडं, वळखू येतंय.

दुसरी बैठक झाली तेव्हा हे पेन मी सगळ्यांसमोर ठेवले. फोटोवाल्यानं पुन्हा विषय काढला. वर्गणीवाला म्हणाला, मग देणाऱ्याला काय मिळालं? मी म्हणालो, देणाऱ्याचं नाव वहीच्या पुठ्ठ्यावर छापा, मंडळाचं नाव फलकावर लिहा, तिथं भरपूर जागा आहे. पेन करणाऱ्यांचा आहे. 'मूकनायक' 31 जानेवारी 1920 ला निघाला. 'बहिष्कृत भारता'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना स्वतः लिहून भरावे लागले. लेखणीचं काम हातानं करणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांच्या जयंतीचा पेन बिननावाचा कसा चालेल? बरीच वादावादी झाली. फोटोवाला उठून गेला. बाकीच्यांनी मान्य केलं.

पेन वाटले. पोरांनी ते कसे घेतले, त्याचं रडगाणं किंवा गुणगान मी करणार नाही. एका पोरीनं पेन फिरवून वाचलं आणि विचारलं, "हे दोन अक्षरं कुणाचे?" शेजारच्या पोरानं सांगितलं, "अगं, ते खरादवाले. आपल्या गल्लीतले." बस, एवढंच झालं. पेन कुणीतरी करतं आणि ते कुणीतरी आपल्या गल्लीत राहतं, हे एका पोरीला कळलं.

शहरातल्या दुकानदाराचं अजून तेच आहे. त्याच्या मालावर नाव नळीच्या आतच आहे. पोट त्याच्यावर आहे, मी मामाला शहाणपण शिकवणार नाही. पण तुम्हाला एक काम सांगतो, तुम्ही जे गावोगाव फिरता, सभा घेता, फलक लावता. पुढच्या कार्यक्रमाची पत्रिका छापाल तेव्हा बघा, तिच्यावर कुणाकुणाची नावं आहेत. अध्यक्ष आहेत, प्रमुख पाहुणे आहेत, सौजन्य आहे. मांडव घालणारा आहे का? निळं कापड शिवणारी आहे का? रात्रभर फलक रंगवणारा पोरगा आहे का? नसेल तर खाली एक ओळ वाढवा. नारायण सुर्वे (1926–2010) मुंबईच्या रस्त्यावर एका गिरणी कामगाराला सापडले, गंगाराम सुर्व्यांना. त्या कामगाराचं आडनाव पोराला लागलं आणि पोरानं ते मराठी कवितेत नेऊन बसवलं. एका गिरणी कामगाराचं नाव असं टिकलं. बाकीच्यांची नावं टिकवायला प्रत्येकाला कवी पोरगा सापडेल असं नाही. म्हणून ज्याचं त्यानं लिहावं, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याला एक अक्षर तरी शिकवावं.

मिलमधल्या गाठीचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. 170 किलोच्या गाठीवर सुईनं नाव कोरता येत नाही. ते एकट्याचं काम नाही, सांचीच्या त्या कारागिरांसारखं 'आम्ही' म्हणून लिहावं लागेल. त्यासाठी आधी आम्ही एक व्हावं लागेल. आमच्या मिलमध्ये युनियन नाही. सीझन सुरू व्हायच्या आत वीस-पंचवीस जणांच्या सह्या तरी गोळा करायच्या असं आम्ही चौघांनी ठरवलं आहे. सह्यांना पेन मामाचेच वापरू.